तीन घोडे आणि एक तट्टू: ट्रेलर कोणता घ्यावा?

रिकिबीत पाय

आमच्याकडे दोन घोड्या, एक खच्ची केलेला मोठा घोडा आणि एक तट्टू अशी चार जनावरे आहेत. आजवर त्यांची ने-आण इतरांच्या ट्रेलरमधून, एक-एक दोन-दोन करून भागत असे. आता चौघांनाही एकाच खेपेत नेता येईल असा स्वतःचा ट्रेलर घेण्याचे ठरवले आहे. पण महिनाभर जाहिराती वाचून निर्णय जवळ येण्याऐवजी लांबच चालला आहे.

दोन्ही घोड्या मध्यम बांध्याच्या असून प्रत्येकी साडेचारशे ते पाचशे किलोंच्या असाव्यात. मोठा घोडा खांद्यापाशी १७० सेंटीमीटर उंच आणि अंगाने भारी आहे. तट्टू ११५ सेंटीमीटरचे असून वजनाने घोडीच्या निम्मेही भरणार नाही, पण खोडसाळपणात चौघांत त्याचाच पहिला क्रमांक आहे. दोघींपैकी एका घोडीला ते शेजारी आलेले मुळीच खपत नाही. ती कान पाडते आणि संधी मिळाली तर चावते. बहुतेक प्रवास दोन-अडीच तासांचे असतात, वर्षातून दोन-तीनदा मात्र दिवसभराचे होतात. कित्येकदा एक घोडी आणि तट्टू एवढीच जोडी न्यायची असते. ओढण्यासाठी पिकअप आहे आणि उत्पादकाने तिची ओढण्याची मर्यादा ३,५०० किलो दिली आहे.

तीन ट्रेलर डोळ्यासमोर आहेत. पहिला तीन घोड्यांचा, तिरक्या कप्प्यांचा असून त्याच्या मागच्या कोपऱ्यात खोगिरांची खोली आहे, आणि तट्टू त्या खोलीत सहज मावेल असे विक्रेता म्हणतो. दुसरा त्याच पद्धतीचा, पण चार घोड्यांचा आणि गूजनेक जोडणीचा, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडायचा आहे. तिसरा गुरांसाठीही वापरतात तसा मोकळा, वरून झडपांचा ट्रेलर असून त्याला मध्ये एकच फाटक आहे. यांपैकी कोणता घ्यावा, आणि विक्रेत्याच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे, हे जाणकारांनी सांगावे.

मोजूनमापून

आपण ट्रेलरपासून सुरुवात केली आहे. ती गाडीपासून करायला हवी होती, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. आपल्याच आकड्यांवरून हिशोब मांडतो. दोन्ही घोडींचे ९५० किलो, मोठ्याचे निदान ६०० आणि तट्टाचे २२० धरले, तर जनावरांचेच १,७७० किलो होतात. खोगिरे, वैरण आणि शंभर लिटर पाणी धरले की हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. चार घोडे मावतील असा साधा मोकळा ट्रेलरसुद्धा रिकामा असताना सोळाशे-अठराशे किलोंचा असतो, आणि गूजनेक जोडणीचा, पुढे सामानाची खोली असलेला ट्रेलर अडीच हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही जड निघतो. म्हणजे सर्वांत हलका पर्याय घेतला तरी आपली पिकअप मर्यादेबाहेर जाते, आणि जड पर्यायात तर एक टनाहून अधिक फरक पडतो.

विक्रेते नेहमी ओढण्याच्या मर्यादेचा आकडा पुढे करतात आणि जोडणीवर येणाऱ्या भाराविषयी बोलत नाहीत. गाडीच्या मागच्या बॉलवर, म्हणजे गोळ्याच्या जोडणीवर, जोडलेल्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या शेपटावर यावा लागतो. तो त्याहून कमी असेल तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. चार हजार किलोंच्या ट्रेलरचा हा भार चारशे ते सहाशे किलो होतो, आणि तो गाडीच्या स्वतःच्या माल वाहण्याच्या क्षमतेतून वजा करावा लागतो. गाडीत चार माणसे आणि मागच्या हौद्यात वैरणीच्या गासड्या असतील, तर उरलेल्या क्षमतेत एवढी जागा राहते का, ते पाहावे. गूजनेक जोडणीत भार हौद्यामध्ये, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे पडतो, म्हणून तो ट्रेलर अधिक स्थिर चालतो आणि वळणावर कमी जागा घेतो. पण तिथे जोडणीवर पंधरा ते पंचवीस टक्के भार येत असल्यामुळे तो पेलणारी गाडीही तशीच दणकट लागते, आणि हौद्यात चॅसिसला पक्की बसवलेली जोडणी लागते ती वेगळीच.

अंदाजाची वजने सोडून द्या. प्रत्येक जनावराच्या छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे सेंटीमीटरमध्ये मोजावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या भागाच्या) टोकापर्यंतची लांबी मोजावी, घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे; येईल ते साधारण किलोंतील वजन होय. उदाहरणार्थ, घेर १८५ आणि लांबी १६० असेल तर उत्तर ४६१ येते. ट्रेलरचे रिकामे वजन मात्र कागदावरून घेऊ नये, वजनकाट्यावर करून घ्यावे, कारण रबरी चटया, जादा चाक आणि नंतर बसवलेले कप्पे कागदावर नसतात.

युरोपात याच गोष्टीमुळे गणित वेगळे होऊन बसले आहे. तिथे पिकअप किंवा मोटारीमागे जोडण्याचे ट्रेलर ३,५०० किलोंच्या एकूण वजनावर थांबतात, म्हणून बहुतेक ट्रेलर दोन घोड्यांचे असतात आणि अधिक जनावरे असणारे लोक घोड्यांसाठी बांधलेला ट्रक घेतात. तीन-चार घोड्यांचे गूजनेक ट्रेलर प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत दिसतात, कारण त्यांना ओढणाऱ्या मोठ्या पिकअप तिथे सर्रास आहेत. आपल्या ठिकाणी परवाना आणि वजनाचे नियम काय आहेत ते आधी पाहावे. गाडी बदलायची नसेल, तर दोन घोड्यांचा चांगला ट्रेलर घेऊन दोन खेपा करणे हाही कमीपणा आणणारा पर्याय नाही.

मोतद्दार

वरील हिशोबाशी मी पूर्ण सहमत आहे. मी तट्टाविषयी लिहितो, कारण माझ्या मते आपला ट्रेलर मोठा घोडा नव्हे, तर तट्टूच ठरवणार आहे. मोठ्या घोड्याला फक्त जागा लागते आणि ती मोजपट्टीने मोजता येते. तट्टासाठी मात्र प्रत्येक दांडा, प्रत्येक फट आणि प्रत्येक कडी वेगळ्या उंचीवर लागते, आणि ट्रेलर बांधणाऱ्याने त्याचा विचार केलेला नसतो.

काही वर्षांपूर्वी मी एक घोडी आणि एक तट्टू सरळ उभे राहण्याच्या दोन कप्प्यांच्या ट्रेलरमधून नेत होतो. छातीसमोरचा आडवा दांडा घोडीच्या मापाचा होता. वाटेत ट्रेलर हलू लागला म्हणून थांबून पाहिले, तर तट्टाने मान आणि पुढचे दोन्ही पाय दांड्याखालून पलीकडे काढले होते, आणि दांडा त्याच्या पाठीवर रुतून ते ना पुढे जाऊ शकत होते, ना मागे. दांडा बाहेरून निखळवण्याची सोय असल्यामुळे ते वाचले. ती सोय नसती तर पुढच्या लहान दारातून आत शिरून, धडपडणाऱ्या जनावराच्या पायांशी बसून बोल्ट काढावे लागले असते, आणि त्या जागी कोणत्याही माणसाने कधी बसू नये. तेव्हापासून, छातीचा आणि पुठ्ठ्यामागचा दांडा दोन-तीन उंचींवर बसवता येतो का, आणि भार आलेला असतानाही तो बाहेरून सोडवता येतो का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी कोणत्याही ट्रेलरच्या रंगाकडेसुद्धा पाहत नाही.

आता विक्रेत्याच्या सल्ल्याविषयी. खोगिरांच्या खोलीत तट्टू ठेवणे हा सल्ला मुळीच ऐकू नये. त्या खोलीच्या भिंती लाथ सोसण्यासाठी बांधलेल्या नसतात, तिला पुरेशा हवेच्या झडपा नसतात, तिच्या दाराची कडी जनावराच्या रेट्यासाठी नसते, आणि ती मागच्या टोकाला असल्यामुळे तिथे ठेवलेले दोनशे किलो जोडणीवरचा भार कमी करतात. शिवाय कोपऱ्यातील ती खोली मागचे दार अरुंद करते, आणि मोठ्या अंगाचा घोडा अशा निमुळत्या तोंडातून आत जायला बिचकतो, ही अडचण वेगळीच. ती खोली घडी घालून भिंतीला लावता येत असेल तर गोष्ट निराळी, पण तेव्हाही तिथे खोगिरेच ठेवावीत.

तिरक्या कप्प्यांची पद्धत तट्टासाठी वाईट नाही, कारण प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा मिळतो. दुभाजक मात्र नीट पाहावा. बहुतेक दुभाजक जमिनीपासून बरेच वर संपतात, आणि मोठ्या घोड्यासाठी ते योग्यच आहे, कारण तोल सांभाळण्यासाठी त्याला पाय फाकवायला जागा लागते. परंतु तीच मोकळी जागा तट्टाच्या पोटाच्या उंचीवर येते. ते तिथून शेजारी वाकते, वळण्याचा प्रयत्न करते, किंवा शेजारणीची लाथ नेमकी त्याच्या गुडघ्यावर बसते. आपली घोडी चावरी आहे, म्हणून तिच्या आणि तट्टाच्या मध्ये डोक्यापासून जमिनीपर्यंत जाणारा भरीव दुभाजक हवा. नर घोड्यांसाठी असे दुभाजक बनवतात आणि बहुतेक कारखान्यांकडून ते नंतरही बसवून मिळतात. खालच्या भागाला लोखंडी पत्र्याऐवजी जाड रबराचा पडदा असेल तर उत्तम, कारण तो लाथ अडवतो आणि पाय अडकू देत नाही.

तट्टू कुठे उभे करावे, याचे उत्तर वजन आणि भांडण या दोन्हींवर अवलंबून आहे. जड जनावरे आसांच्या वर आणि किंचित पुढे असावीत. म्हणजे मोठा घोडा पुढे, घोड्या मध्ये आणि तट्टू शेवटी, हा क्रम जोडणीच्या भारासाठी चांगला आहे. त्यात आणखी एक फायदा असा की तिरक्या कप्प्यांत शेवटी चढलेले जनावर प्रथम उतरते, आणि वाटेत गोंधळ घालण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेले जनावर दाराजवळ राहते. भांडखोर घोडी मोठ्या घोड्याशेजारी आणि शांत घोडी तट्टाशेजारी ठेवली की निम्मा प्रश्न सुटतो. मात्र मोठा घोडा पुढच्या तिरक्या कप्प्यात खरोखर मावतो का, ते त्याला प्रत्यक्ष उभा करून पाहावे. अरुंद ट्रेलरमध्ये अशा घोड्याचे नाक एका भिंतीला आणि पुठ्ठा दुसऱ्या भिंतीला लागतो, आणि मग दुभाजक बंदच होत नाही. आतील उंची २१३ सेंटीमीटर ही घोड्यांच्या ट्रेलरची नेहमीची असते, पण त्याच्यासाठी २२९ सेंटीमीटरचा ट्रेलर शोधावा. डोके छताला लागलेला घोडा पुढच्या वेळी सहज आत जात नाही.

मला विचाराल तर आपल्या चौघांसाठी मी तिसरा, मोकळा ट्रेलर घेईन, परंतु त्याचे मधले फाटक पूर्ण उंचीचे आणि भरीव करून घेईन, आणि दोन्ही भागांत काढता-घालता येणारे एक-एक दुभाजक बसवून घेईन. त्याची लांबी निदान ४.९ मीटर असावी. मोठा घोडा आणि भांडखोर घोडी पुढे, शांत घोडी आणि तट्टू मागे, अशी विभागणी त्यात आपोआप होते. एक घोडी आणि तट्टू एवढेच न्यायचे असतील तेव्हा घोडीला पुढच्या भागात ठेवावे. मोकळ्या ट्रेलरमध्ये दांड्याखाली अडकण्याची भीती नसते, कारण दांडाच नसतो.

रिकिबीत पाय

आपल्या सर्वांचे आभार. खोलीचा विषय संपला, पहिला ट्रेलर यादीतून काढला. मोकळ्या ट्रेलरबद्दल एक शंका आहे. त्यात घोडे बांधावेत की सोडावेत? आणि मोठा घोडा तिरका उभा राहायला नाखूश असतो, तर त्याला मागे तोंड करून उभे राहू दिल्याने काही बिघडते का?

दाणावैरण

तोंड कोणत्या दिशेला असावे यावर बरेच प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. काहींमध्ये मागे तोंड करून उभ्या घोड्यांचा तोल चांगला राहिला आणि हृदयाचे ठोके कमी दिसले, कारण ब्रेक लागताना ते डोक्याऐवजी पुठ्ठ्याने भार झेलतात. इतर काहींमध्ये हा फरक घोड्यागणिक बदललेला दिसला. म्हणून मोठ्या घोड्याला मोकळ्या भागात स्वतः कसे उभे राहावेसे वाटते ते पाहून, त्याला तसे राहू देणे मला योग्य वाटते. मात्र पुढे तोंड करून उभे राहण्यासाठी बांधलेल्या ट्रेलरमध्ये घोडे उलटे उभे करू नयेत, कारण त्यामुळे वजनाची मांडणी बदलते.

बांधण्याचा प्रश्न दिशेपेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. घोडा डोके खाली घालून श्वासनळीतील कफ आणि धूळ बाहेर टाकतो. आखूड दाव्याने त्याचे डोके तासन्‌तास वर बांधून ठेवले, तर तो कफ तिथेच साचतो, त्यात जिवाणू वाढतात आणि लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसांचा व छातीच्या आवरणाचा गंभीर दाह होऊ शकतो. प्रवासानंतर एक-दोन दिवसांत घोडा मलूल झाला, त्याला ताप आला किंवा त्याने वैरण सोडली, तर तो थकला असेल असे म्हणून वाट पाहू नये, लगेच पशुवैद्याला बोलवावे. आपल्या दिवसभराच्या प्रवासांत दर तीन-चार तासांनी गाडी थांबवावी, डोके खाली करता येईल इतके दावे सैल करावे आणि पाणी पाजावे. भरीव फाटकांनी वेगळे केलेल्या भागात एकच जनावर असेल तर त्याला न बांधताही नेता येते. एका भागात दोन जनावरे असतील, तर मात्र मध्ये दुभाजक हवा किंवा दोघांनाही बांधावे. एक बांधलेले आणि एक सुटे असे कधीही करू नये, कारण सुटे जनावर चावले तर बांधलेल्याला पळता येत नाही.

वैरणीची जाळी तट्टाच्या उंचीवर बांधायचा मोह होतो आणि तिथे चूक होते. भरलेली जाळी जिथे असते त्यापेक्षा रिकामी जाळी खूप खाली लोंबते, आणि तट्टाचे खूर लहान असल्यामुळे तिच्यात सहज अडकतात. लहान भोकांची जाळी घेऊन ती रिकामी असतानाही तट्टाच्या छातीच्या वर राहील, अशी बांधावी. वैरण थोडी भिजवून घेतली तर धूळही कमी उडते. झडपा थंडीतसुद्धा पूर्ण बंद करू नयेत. मुताच्या अमोनियाने कोंदलेली हवा थंड वाऱ्यापेक्षा अधिक घातक असते, आणि थंडी वाजत असेल तर झूल घालता येते.

पाना-पक्कड

मोकळा ट्रेलर जुना घेणार असाल तर माझे चार शब्द ऐकावेत. पहिली गोष्ट जमीन. रबरी चटया सगळ्या उचलायला लावा, आणि विक्रेता कुरकुर करू लागला तर तिथूनच परत फिरा. लाकडी फळ्यांत स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहावा. तो सहज रुतला तर फळी आतून कुजली आहे. ॲल्युमिनियमची जमीन गंजत नाही हे खरे, पण मूत साचून राहिले की तिला खड्डे पडतात, म्हणून तिथेही चटई उचलून पाहणे चुकत नाही. त्यानंतर ट्रेलरखाली आडवे होऊन जमीन पेलणारे आडवे बार आणि त्यांचे जोड पाहावेत, कारण वरून रंगवलेल्या ट्रेलरचे खरे वय तिथे कळते.

टायरची नक्षी पाहून फसू नये. घोड्यांचे ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभे असतात, त्यामुळे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे २३२१ असे लिहिले असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षे उलटलेले टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावेत, आणि ती रक्कम किंमत ठरवतानाच वजा करावी.

पाट्यांचे सस्पेन्शन की रबरी टॉर्शन आस (ज्यात रबर पिळून हादरा झेलते), यावर लोक तासभर वाद घालतात. टॉर्शनमध्ये जनावरांना हादरे कमी बसतात. पाटे कुठेही दुरुस्त होतात. एवढाच फरक लक्षात ठेवावा आणि चांगल्या स्थितीत असेल ते घ्यावे. ब्रेकबाबत मात्र तडजोड नको. प्रत्येक चाकाचा ब्रेक लागतो का ते पाहावे, आणि जोडणी तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तार किंवा स्विच विक्रेत्यासमोर ओढून तपासावे. त्या स्विचची बॅटरी मेलेली असणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की मी आता बॅटरी बरोबरच घेऊन जातो.

उतरण हवी की पायरी, हे जनावरांच्या सवयीवर सोडावे. आपल्या तट्टासाठी मोकळ्या ट्रेलरची पायरी थोडी उंच पडेल, पण बहुतेक तट्टे ती उडी मारून चढतात. अडचण होते ती उतरताना, कारण उलट्या पावलांनी येणाऱ्या जनावराला पायरी दिसत नाही. मोकळ्या ट्रेलरमध्ये त्याला वळून तोंड पुढे करून उतरता येते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

रिकिबीत पाय

काल फीत घेऊन चौघांना मोजले. घोड्या ४६१ आणि ४९२, मोठा घोडा ६४८ आणि तट्टू २०७ किलो, एकूण १,८०८. मोठ्याला मी निदान पन्नास किलोंनी हलका समजत होतो. पिकअप या कामाची नाही हे आता मान्य केले आहे. आधी दणकट गाडी पाहायची, तोवर गरज पडली तर दोन घोड्यांचा ट्रेलर भाड्याने आणून दोन खेपा करायच्या, आणि गाडी आल्यावर भरीव फाटकाचा मोकळा ट्रेलर घ्यायचा असे ठरले आहे. भाड्याच्या ट्रेलरमध्ये एक घोडी आणि तट्टू शेजारी-शेजारी न्यायचे असतील, तर कोणाला कोणत्या बाजूला उभे करू?

मोतद्दार

जड जनावर रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला आणि हलके कडेच्या बाजूला. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून वजन कडेला गेले तर ट्रेलर तिकडेच ओढला जातो. जिथे वाहने डावीकडून चालतात तिथे घोडी उजवीकडे, आणि जिथे उजवीकडून चालतात तिथे डावीकडे. एकटेच जनावर असेल तर तेही मध्याकडच्याच बाजूला.

भाड्याच्या ट्रेलरमध्ये पुठ्ठ्यामागचा दांडा तट्टासाठी खाली घेता येतो का, ते विचारूनच तो आणावा. ट्रेलर गाडीला जोडलेला असल्याशिवाय एकही जनावर आत चढवू नये, नाहीतर मागच्या वजनाने तो उलटतो. चढवल्यावर आधी मागचा दांडा लावावा आणि मगच दावे बांधावे. उतरवताना आधी दावे सोडावे आणि मगच दांडा काढावा. हा क्रम उलटा झाला, तर मागे सरकणारे जनावर मानेला हिसका बसून घाबरते, आणि आपले तट्टू ते पुढे कित्येक महिने विसरणार नाही.